शनिवारचं भाडं, महिन्याचा पगार

माझं लहानपण लोणावळ्यात, तुंगार्लीतल्या एका बंगल्याच्या मागे गेलं. मागे म्हणजे खरोखरच मागे. पुढे व्हरांडा, हिरवळ, फाटकावर बोगनवेल. मागे फणसाच्या झाडाखाली पत्र्याच्या दोन खोल्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, रखवालदार, माळी, वेळ पडली तर प्लंबर आणि स्वयंपाकीसुद्धा. आई झाडलोट आणि कपडे बघायची. बंगल्याचे मालक, शेठ, मुंबईचे. दिवाळी, नाताळ, मे महिना आणि पावसाळ्यातले एखाद-दोन रविवार, एवढंच त्यांचं येणं. बाकी वर्षभर पुढचा आठ खोल्यांचा बंगला बंद आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही पाच जण. तेव्हा याचं कुणाला काही वाटत नसे. अण्णांचा पगार बेताचा होता, पण खोलीला भाडं नव्हतं, वीज शेठच्या मीटरवर होती आणि परसातलं आळू, भोपळा, फणस आमचा होता. जूनच्या आधी अण्णा आमच्या खोल्यांच्या पश्चिमेच्या भिंतीला पाऊस अडवणारी झड बांधायचे, म्हणजे चार महिने ओल जरा कमी यायची. कमी म्हणजे उशांना बुरशी यायची, पण ऑगस्टमध्ये.

अण्णांचं मूळ गाव पवन मावळात. आजोबांची भातखाचरं पवना धरणात गेली तेव्हा अण्णा शाळेत होते. त्या धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. ज्यांची शेतं बुडाली त्यांतल्या कितीतरी कुटुंबांचं पुनर्वसन मात्र पन्नास वर्षांनंतरही एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतंय. पुढे त्याच पाण्याच्या बंद जलवाहिनीविरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ शेतकरी एक्स्प्रेस वेवर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन जण गेले. आज त्याच धरणाच्या काठाला शहरातल्या लोकांसाठी तंबू आणि व्हिला लागलेत. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की लोणावळ्यात बंगल्यावर राहणारा माणूस हौसेने तिथे गेलेला नसतो. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ, जिथली जमीन हातातून गेली तिथला एखादा मुलगा ‘बंगल्यावर लागायचा’. पगार किती हे नंतर विचारायचे. खोली आहे ना, हे आधी.

लॉकडाउनमध्ये शेठची मुलं पहिल्यांदाच सलग काही महिने बंगल्यात राहिली, लॅपटॉप घेऊन. ती परत गेली आणि बंगला विकायचं ठरलं. सप्टेंबर २०२० पासून राज्य सरकारने घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांवरून दोनवर आणलं होतं, जानेवारीपासून मार्च २०२१ पर्यंत ते तीन टक्के होतं. घरांचे व्यवहार वाढावेत म्हणून दिलेली ती सवलत, आणि तिच्याच मुदतीत आमच्या डोक्यावरच्या पत्र्याचा व्यवहार झाला. शेठच्या मुलीने आईला जाताना पैसे दिले, दोन तांब्याची भांडी दिली, डोळ्यांत पाणी आणलं. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तीस वर्षं राहिलो त्या खोल्यांचा आमच्याकडे एक कागद नव्हता. रेशनकार्डावरचा पत्तासुद्धा शेठच्या बंगल्याचा.

नव्या मालकाने हिरवळीच्या जागी पोहण्याचा तलाव केला, फणस तोडला आणि आमच्या खोल्यांच्या जागी पंपघर बांधलं. व्हिला सांभाळणारा मॅनेजर अण्णांना म्हणाला, “काका, तुम्हाला ठेवतो. एकट्याला. फॅमिली नको, गेस्टना प्रायव्हसी लागते.” राहायला खोली पंपाला लागून. मी बघून आले. एक खाट टाकली की चप्पल काढायला जागा उरत नव्हती. खिडकी नव्हती. वर एक गोल भोक होतं, त्यात पंखा बसवणार होते. तो अजून बसायचाय. अण्णांनी साठी ओलांडलेली, दुसरीकडे कोण घेणार? ते राहिले. आई आमच्याकडे आली.

आमच्याकडे म्हणजे भांगरवाडीत, एका खोलीत. नवरा, मुलगा, मी आणि आता आई. मुलगा दहावीकडे चाललेला, अभ्यासाला कोपरा नाही. तेव्हा दोन खोल्यांची जागा शोधायला लागलो, आणि ज्या गावात जन्म गेला ते गाव मला नव्याने दिसायला लागलं.

रिकामी घरं किती आहेत! सोमवारी संध्याकाळी तुंगार्ली, वलवण, कुणे या बाजूंना चक्कर मारा. बंगल्यामागून बंगला अंधारात. जागा दिसतात, पण त्या ‘महिन्याच्या’ नाहीत. शनिवारी वलवणच्या बाजूने गावात शिरताना रस्त्याच्या कडेला पोरं उभी असतात, बोटात किल्ल्यांचा जुडगा फिरवत, गाडी हळू झाली की काचेशी येतात: रूम, बंगला, विथ पूल. आम्ही दोघं स्कूटरवर, पाठीवर बॅग, तर एक पोरगा आम्हालाच म्हणाला, “कपल रूम?” जवळ आल्यावर त्याने ओळखलं, शाळेत माझ्या धाकट्या भावाच्या वर्गात होता. ओशाळला. मी म्हटलं, कपल नको, अकरा महिन्यांची दाखव. तो हसला. “ताई, माझ्याकडं महिन्याचं काहीच नाही. रात्रीचं आहे.”

भांगरवाडीतच एका काकूंकडे वन बीएचके होता. बारा हजार भाडं, पन्नास हजार डिपॉझिट. पगाराच्या मानाने जास्त, पण जागा उजेडाची. सगळं ठरत आलं आणि काकू चहा देता देता म्हणाल्या, “पावसाळ्यात शनिवार-रविवार माहेरी जाणं होत असेल ना तुमचं?” मला आधी कळेना. मग कळलं. जुलै-ऑगस्टमध्ये त्या दोन रात्री हॉल पर्यटकांना द्यायचा त्यांचा विचार होता, आमचं सामान बेडरूममध्ये बंद करून. माझं माहेर म्हणजे पंपघर, हे त्यांना काय सांगणार. दुसऱ्या एकाने तर सरळ सांगितलं, जून ते सप्टेंबर घर सोडा, ऑक्टोबरात परत या.

मी एका हॉटेलात अकाउंट्स बघते, त्यामुळे या मंडळींचा हिशेब मला चुकीचाही म्हणता येत नाही. पावसाळ्यात बुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग गावाबाहेर जाते तेव्हा साधा फ्लॅटही एका शनिवार-रविवारी आठ-दहा हजार देऊन जातो. तलाव असलेला व्हिला एका रात्रीचे पंचवीस-तीस हजार घेतो. मी महिनाभर राहून बारा देणार, वर भिंतीला खिळे ठोकणार. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. अडचण माणसांच्या लोभापेक्षा मोठी आहे. इथल्या घराचं भाडं मुंबईच्या खिशाने ठरतं आणि पगार मात्र लोणावळ्याचा मिळतो. माझा अठरा हजार. हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या बाईचा त्याहून कमी. सोमवारी गावभर गच्च्यांवर पांढऱ्या चादरी आणि टॉवेल वाळत असतात, ते धुणाऱ्यांपैकी लोणावळ्यात राहणारे आता शोधावे लागतात. मेमध्ये आमच्या नळाला पाणी एक दिवसाआड आणि व्हिलांच्या तलावांना टँकर, तेही बघितलंय. एवढा पाऊस पडणाऱ्या गावात!

मग विकत घ्यायचं बघू म्हटलं. नवरा तळेगाव एमआयडीसीत कंत्राटी आहे. दोघांचे मिळून छत्तीस हजार. कान्हे-कामशेतच्या बाजूला वन बीएचके पंचवीस लाखांच्या आसपास सांगत होते. ‘साडेपाचशे फूट’ म्हणून दाखवलेला फ्लॅट कार्पेट विचारल्यावर साडेतीनशेवर आला. रेरा कायद्याने भाव कार्पेटवरच सांगायचा, पण तोंडी बोलताना सगळे अजून सेलेबलच बोलतात. आणि एक्स्प्रेस वेच्या खोपोली ते कुसगाव या मिसिंग लिंकचं नाव घेतल्याशिवाय एकही एजंट भाव सांगत नव्हता. मुंबई वीस-पंचवीस मिनिटांनी जवळ येणार म्हणून कामशेतला राहायला जाणाऱ्या मी जास्त पैसे का द्यायचे, हे विचारलं की त्यांना विनोद वाटायचा. वीस लाखांच्या कर्जाला वीस वर्षांचा हप्ता साडेसतरा हजारांच्या पुढे. म्हणजे एकाचा अख्खा पगार. माझ्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, ती मी धरली होती. पंतप्रधान आवास योजनेतली आमच्या उत्पन्नगटाची व्याजसवलत मार्च २०२२ मध्ये संपली, आम्ही चौकशीला गेलो त्यानंतर. पण मुळात गाडी त्याच्याही आधी अडली: नवऱ्याचा कंत्राटदार दर काही महिन्यांनी बदलतो, मध्ये ब्रेक देतात, आणि बँकेला सलग पगारपत्रकं हवीत. पाच वर्षं एकाच मशीनवर उभा असलेला माणूस कागदावर दर वेळी नवा.

याच काळात आम्हाला गुंठ्याचाही मोह पडला. मावळात हे फार चालतं. नाणे मावळाच्या रस्त्याला एका शेतात चुना टाकून आखलेले प्लॉट, एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, बँक नको, हप्ते थेट एजंटला. शेतजमीन आहे, एनए झालेली नाही. शेतकरी नसलेल्याला ती घेता येत नाही, आणि १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एक-एक गुंठ्याचं खरेदीखत तेव्हा होत नव्हतं. म्हणून दहा-अकरा अनोळखी माणसांची नावं एका सातबाऱ्यावर सामाईक लावायची. एजंट म्हणाला, सगळे असंच करतात. ते खरंच आहे. पण त्या शेताच्या बांधावर उभं राहून अण्णा एवढंच म्हणाले, “आपलं एकदा सातबारा असून गेलंय. हे नसताना घेतोयस.” ते नवऱ्याला पटलं. मलाही पटलं, पण नंतर कितीतरी रात्री तो चुन्याचा चौकोन माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

शेवटी कामशेतला भाड्याने गेलो. वन बीएचके, आठ हजार, करार रीतसर नोंदवलेला. बाजार जवळ, नवऱ्याला तळेगाव आणि मला लोणावळा, दोन्ही लोकलने. लोणावळा-पुणे लोकल १९७८ पासून आहे आणि तिचं तिकीट आजही इतकं कमी आहे की मावळातला अर्धा संसार त्या एका गाडीवर उभा आहे असं मी म्हणते. डब्यात माझ्या बरोबर कान्ह्याची नर्स, वडगावचे दोन वेटर, मळवलीला चढणारी चिक्कीच्या दुकानातली मुलगी. सगळे लोणावळा चालवायला जाणारे, लोणावळ्यात न राहणारे. फक्त दुपारी लोकलना मोठा खंड आहे. मुलाला ताप आला म्हणून शाळेने बोलावलं तर साधन म्हणजे हमरस्त्यावर हात दाखवायचा आणि शनिवार असला तर तोही उपयोगाचा नाही, कारण गाड्या हलतच नाहीत. भाड्यात वाचलेले चार हजार कधी कधी रिक्षात जातात.

खर्चाचं बाकी सगळीकडे आहे तेच. एक गोष्ट मात्र मला टोचते. इंद्रायणी तांदूळ आमच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आला, साऱ्या महाराष्ट्रात याच नावाने विकला जातो. आणि मावळातली, भातखाचराच्या घराण्यातली आई आता तो किलोने आणते, पाहुणे आले की. रोजचा भात रेशनचा.

अण्णांची खोली म्हणजे बरे दिवस होते, असं मला म्हणायचं नाही. ती मालकाच्या मर्जीची जागा होती आणि मर्जी संपली त्या दिवशी ती संपली. पण तिच्या जागी काहीच आलं नाही. लोणावळ्यात २००२ ला एक्स्प्रेस वे पूर्ण झाल्यापासून विकायला घरं खूप बांधली गेली. इथे काम करणाऱ्यांनी भाड्याने राहावं म्हणून कुणी बांधलेलं एकही घर माझ्या पाहण्यात नाही. योजना नाही असंही नाही. मजूर शहरं सोडून चालत निघाले त्यानंतर केंद्राने २०२० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना काढली, आणि २०२४ च्या दुसऱ्या आवास योजनेतही भाड्याच्या घरांचा वेगळा भाग आहे. त्याचं आमच्याकडे कुणी नाव घेत नाही. मत मागायला येणारे रस्ते, पार्किंग, पर्यटन बोलतात. पर्यटन पाहिजेच, माझा पगार त्यावरच आहे.

तेव्हा लोणावळ्यात, कामशेतला, वडगावला ज्यांच्या दारी पुढच्या वेळी उमेदवार येतील त्यांनी एवढं विचारावं: इथे काम करणाऱ्यांसाठी भाड्याची घरं किती बांधणार, कुठल्या जागेवर आणि कोणत्या सालापर्यंत. आकडा सांगितला तर लिहून घ्या.