वास माशांचाच होता

मुलीच्या हट्टापायी आम्ही घरात काचेची टाकी आणली. चाळीस लिटर पाणी आणि चार गोल्डफिश. महिनाभरातच बैठकीच्या खोलीत कुबट वास येऊ लागला. एकदा समोरच्या काकूंनी दारातूनच विचारलं, "आज मासे केलेत वाटतं?" त्या दिवशी आमच्याकडे साधं दाळ-चावल होतं. काकूंच्या मनात काही नव्हतं. पण आम्हाला लागलं. सोलापुरात घर शोधताना 'तुमच्या स्वयंपाकाचा वास येतो' असं ऐकून दोन दारांवरून परत फिरलेली माणसं आम्ही!

मग आम्ही सफाईच्या मागे लागलो. ऊद जाळला. नळाला पाणी आलं की सगळी टाकी उपसायची, खडे घासायचे, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळायचा. दोन दिवस बरं वाटे, तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ आणि वास दुप्पट. एक मासा मेला. मुलगी आमच्याशी बोलेना.

गंमत म्हणजे बी.एड.ला आम्ही नायट्रोजन चक्राचाच पाठ घेतला होता, रंगीत तक्त्यासह! उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजते, अमोनिया होतो. स्पंजवर, खड्यांवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यानं आम्ही नेमके तेच जिवाणू मारत होतो. वर येईल तो पाहुणा चिमूटभर खाद्य टाकत होता.

मुंबईच्या जामा मशिदीच्या हौदातले मासे आठवले. पाणी मोठं, म्हणून मासे सुखी. आम्ही दोन मासे मोठी टाकी असलेल्या मित्राला दिले. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, तेही पिंपात दिवसभर उघडं ठेवलेलं. तळाचा गाळ रबरी नळीनं ओढायचा आणि स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा. दीड महिन्यात वास गेला.

ईदला काकू शीरखुर्मा घ्यायला आल्या, टाकीजवळच बसल्या. आम्ही म्हणालो, "काकू, त्या दिवशी वास माशांचाच होता, पण या."

त्या हसल्या. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

वर्गात शंभर प्रश्नांना उत्तरं देणारे आम्ही, वाटीत चमचा ढवळत राहिलो.