आमचा संघ

आम्हांस कबड्डीचे वेड आहे, हे आरंभीच कबूल करून टाकलेले बरे. इंग्रजीच्या प्राध्यापकाने शेक्सपिअरच्या नाटकांत रमावे आणि सायंकाळी मुकुंदराजांच्या समाधीकडे फिरावयास जावे, अशी अंबेजोगाईच्या सुजाण नागरिकांची अपेक्षा असते. आणि वर्षातील नऊ महिने ती आम्ही निष्ठेने पुरी करतो. परंतु प्रो कबड्डीचा हंगाम सुरू झाला, की रात्री आम्ही दूरचित्रवाणीपुढे ठाण मांडून बसतो. आणि मग आमच्या तोंडून जी भाषा बाहेर पडते, ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडावयाची नाही.

२०१४ साली ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा मराठवाड्याचा असा संघ तीत नव्हता. महाराष्ट्राचे संघ दोन. एक मुंबईचा, एक पुण्याचा. बीड जिल्ह्यातील माणसाने कोणाचे व्हावे? आम्ही पुण्याचे झालो. आमच्या आळीतले प्रत्येक हुशार मूल बारावी झाली की पुण्यास जाते, ते परत येत नाही. तेव्हा निदान एखादा विजय तरी पुण्याहून आमच्या घरी यावा, एवढाच त्यात हिशेब होता. तेव्हापासून पुणेरी पलटण हा ‘आमचा’ संघ.

पण ‘आमचा’ हा शब्द किती निसरडा आहे, हे आम्हांस २०२३ साली कळले. त्या वर्षीच्या ७ ऑक्टोबरला हांगचौ येथे आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला. इराणच्या संघात मोहम्मदरेझा शाडलुई नावाचा एक जबरदस्त पकडपटू होता. डाव्या कोपऱ्यातून तो आमच्या चढाईपटूंचे पाय धरी आणि आम्ही इकडे आमच्या खुर्चीचे हात धरून त्याचा उद्धार करीत असू. पुढे दोन-तीन दिवसांतच मुंबईस खेळाडूंचा लिलाव झाला आणि याच शाडलुईस पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख रुपयांस घेतले. आम्ही आनंदाने टाळी वाजविली. आमच्या सौभाग्यवती भाजी निवडीत बसल्या होत्या. त्या मान वर न करताच म्हणाल्या, “अहो, शनिवारी ज्याला राक्षस म्हणत होता, तो हाच ना?”

तो हाच. आणि या राक्षसाने आमचे भले केले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे पुण्याने हरयाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव केला आणि प्रथमच विजेतेपद मिळविले. कर्णधार आमच्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, प्रशिक्षक कर्नाटकातले बी. सी. रमेश आणि कोपऱ्यात इराणचा शाडलुई. अशी ही आमची ‘पुणेरी’ पलटण! परंतु पुढच्या लिलावात शाडलुई २ कोटी ७ लाखांस हरयाणाकडे गेला. आणि त्याच वर्षीच्या २९ डिसेंबरला, पुण्याच्याच बालेवाडीत, हरयाणाने पाटण्यास ३२-२३ असे हरवून चषक उचलला. आदल्या खेपेस ज्यांच्याविरुद्ध तो लढला, त्यांच्याच खांद्यास खांदा लावून तो आमच्या अंगणात नाचला. त्या रात्री आम्ही जेवणाच्या पानावर बराच वेळ काही बोललो नाही.

“सगळे पैशाचे गुलाम!” असे शेवटी आमच्या तोंडून निघून गेले. तेव्हा आमची कन्या म्हणाली, “बाबा, मग आपल्याकडची कोयतेवाली माणसं काय करतात?”

या प्रश्नाने आम्ही वरमलो. आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळी झाली की हजारो जोडपी ऊसतोडीस बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, तो नेईल त्या कारखान्याच्या हद्दीत खोप घालायची, आणि फडात शिरल्यावर कोयता असा चालवायचा, की जणू तो ऊस आपल्याच रानातला आहे. पुढील वर्षी मुकादम दुसरा, कारखाना दुसरा. त्यांस आजवर कोणी बेइमान म्हटले नाही. म्हणण्याचे धाडस कोणी करूही नये. उचल काही हजारांची असो की लिलावाची बोली कोटींची असो, कष्टकरी माणसाचे इमान त्या हंगामाच्या कामाशी असते. शाडलुईने पुण्यासाठी कोपरा राखला तो जीव तोडून, हरयाणासाठीही तसाच. ‘आमचा’ हा शब्द आम्ही उच्चारला होता, त्याने नव्हे.

याचीच दुसरी बाजू आम्ही २०१८ साली जाकार्ता येथे पाहिली होती. भारताच्या महिला संघास अंतिम सामन्यात इराणने २७-२४ असे हरविले. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन. परक्या देशात जाऊन त्यांनी त्या मुलींची भाषा शिकून घेतली, त्यांस योगासने व प्राणायाम शिकविले, आणि आपली विद्या त्यांच्या पदरात पुरेपूर टाकली. हुतूतूच्या मातीत वाढलेल्या एका मराठी बाईने आपल्याच देशाविरुद्ध सुवर्णपदक मिळवून दिले, म्हणून हळहळावे की अभिमान धरावा, हा प्रश्न तेव्हा आमच्या मित्रमंडळीत दोन संध्याकाळ पुरला. आम्हांस वाटते, गुरूने विद्या देताना एखादा पेच हातचा राखून ठेवला, तर तो गुरूच नव्हे.

गुरूंचा विषय निघाला म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. विद्यार्थिदशेत आम्ही महाविद्यालयाच्या संघातून खेळत असू. बीडला एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात अगदी अखेरच्या क्षणी प्रतिपक्षाच्या चढाईपटूचे बोट आमच्या कोपरास लागले. पंचांनी ते पाहिले नाही. त्या मुलाने मात्र आमच्याकडे पाहिले. आम्ही जमिनीकडे पाहिले. एका गुणाने आमचा संघ जिंकला. परतताना एस.टी. मांजरसुंब्यास चहासाठी थांबली. आमचे क्रीडाशिक्षक बशी हातात घेऊन जवळ आले आणि हळूच म्हणाले, “लागलं होतं का रे?” आम्ही म्हणालो, “हो, सर.” त्यांनी चहा संपविला आणि ते गाडीत जाऊन बसले. पुढच्या सामन्यात त्यांनी आम्हांस बाहेर बसविले. संघ हरला. कारण त्यांनी कोणासही सांगितले नाही, आम्हांसही नाही.

आज सामन्यातल्या विश्रांतीच्या वेळी प्रशिक्षकांचे बोलणे घरबसल्या ऐकू येते. ते ओरडतात, डाव समजावतात, क्वचित पाठ थोपटतात. ते ऐकताना आम्हांस नेहमी ती बशी आठवते.

आणि म्हणूनच हांगचौच्या त्या सामन्याविषयी आम्ही फारसे बोलत नाही. गुण २८-२८ असे बरोबरीत, वेळ संपत आलेली. स्पर्श होण्याआधीच आमचा पवन सेहरावत राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्या पाठोपाठ इराणचे गडीही शिरले. नवा नियम लावला तर बाद एकटा पवन. जुना लावला तर तेही बाद. निर्णय फिरले, पुन्हा फिरले. खेळाडू मॅटवरच बसून राहिले. जवळजवळ तासभर खेळ थांबला. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. आमच्या घरी पेढे वाटले गेले.

त्या तासात कन्येने आम्हांस विचारले होते, “बाबा, हाच घोळ आपल्या विरुद्ध झाला असता, तर तुम्ही कोणता नियम खरा म्हटला असता?”

प्राध्यापकास उत्तर न सुचणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे. आम्ही दूरचित्रवाणीचा आवाज थोडा वाढविला. पण आमचा डावा हात मात्र नकळत उजव्या कोपरावर गेला होता. आणि मांजरसुंब्याच्या त्या चहानंतर तो तेथे किती वेळा गेला असेल, याची मोजदाद आम्ही कधी ठेवली नाही.