चेंडू गेला कुठे?

दिवाळीच्या सुमारास आमच्या मुळशीत भाताची कापणी उरकत आलेली असते. रिकाम्या खाचरात धसकटे उरतात, ती पायांना टोचतात. पण क्रिकेट खेळायला पोरांना तेवढी सपाट जागा पुरते. परवा तिथे एक गडी धावचीत झाला की नाही यावरून वाद पेटला. तेव्हा पंचाचे काम करणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाने गंभीर चेहऱ्याने दोन्ही हातांच्या बोटांनी हवेत एक चौकोन काढला. सगळे एकदम गप्प झाले. खाचरात कॅमेरा नव्हता, टेलिव्हिजन नव्हता. तिसरा पंच म्हणावे, तर बांधावर एक म्हैस तेवढी उभी होती. तरीसुद्धा त्या चौकोनाचा मान राहिला!

तो चौकोन म्हणजे टेलिव्हिजनच्या पेटीचे चित्र. 1992 सालच्या नोव्हेंबरात डर्बनच्या कसोटीत टेलिव्हिजनवरचे चित्र पाहून एका फलंदाजाला धावचीत ठरवले गेले. असा बाद झालेला तो पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर. तेव्हापासून ती पेटी मैदानात जी शिरली, ती आता आमच्या खाचरापर्यंत येऊन पोहोचली आहे. गावोगावच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धासुद्धा हल्ली यूट्यूबवर थेट दिसतात, आणि पडद्याच्या तळाशी मोठ्या सामन्यासारखी धावफलकाची पट्टी झळकते. क्रिकेट टेलिव्हिजनवर दिसते असे आम्ही पूर्वी म्हणत असू. आता टेलिव्हिजनवर दिसते तेच क्रिकेट, असे म्हणायची वेळ आली आहे.

याचा पुरावा हवा असेल, तर मुलांचे संगणकावरचे खेळ पाहावेत. माझा नातू हिंजवडीला राहतो. (हिंजवडीही मुळशी तालुक्यातच येते, यावर पुण्याच्या लोकांचा अजून विश्वास बसत नाही.) सुट्टीत तो येतो तेव्हा आपला जुना लॅपटॉप घेऊन येतो, आणि त्यात 2006 साली निघालेला 'क्रिकेट 07' नावाचा खेळ असतो. हा खेळ काढणाऱ्या ईए स्पोर्ट्स कंपनीने त्यानंतर क्रिकेटचा नाद सोडला. आपल्याकडच्या मुलांनी मात्र तो खेळ सोडला नाही. हौशी मंडळींनी त्यात नवे खेळाडू घातले, नवे पोशाख चढवले, चॅनेलवाल्यांची धावफलकाची पट्टी हुबेहूब नक्कल करून बसवली. याला 'पॅच' म्हणतात; म्हणजे आपल्या भाषेत ठिगळच! इतकी ठिगळे लागूनही गोधडी उबदार आहे, असे नातवाच्या चेहऱ्यावरून वाटते.

मी त्याच्या शेजारी बसून पाहू लागलो आणि एक गंमत ध्यानात आली. फलंदाजी तो करतो, पण त्याला दिसते ते गोलंदाजाच्या पाठीमागून! खरा फलंदाज गोलंदाजाला समोरून धावत येताना पाहतो. इथे फलंदाज दूर पलीकडे उभा, आणि खेळणाऱ्याचा डोळा अलीकडे, उंचावर. असे का? तर टेलिव्हिजनवर तसे दिसते म्हणून. आणि टेलिव्हिजनवर तरी तसे का दिसते? पूर्वी मुख्य कॅमेरा मैदानाच्या एकाच टोकाला असे. एका षटकात फलंदाजाचा चेहरा दिसे, पुढच्या षटकात यष्टिरक्षकाची पाठ. 1977 साली ऑस्ट्रेलियात चॅनेल नाइनचे मालक केरी पॅकर यांनी स्वतःचे सामने भरवले आणि दोन्ही टोकांना कॅमेरे उभे केले. प्रेक्षकांच्या सोयीसाठी केलेली ती व्यवस्था आता खेळणाऱ्याच्याही नशिबी आली. हातात बॅट आहे, पण बसायचे ते प्रेक्षकाच्याच खुर्चीत! खेळ 'अगदी खरा' झाला, असे मुले म्हणतात तेव्हा तो मैदानासारखा झाला असे त्यांना म्हणायचे नसते. तो दिवाणखान्यासारखा झाला, एवढाच त्याचा अर्थ.

मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. नकलेत जीव ओतलेला आहे, हे मान्यच केले पाहिजे. चेंडू पडायच्या आधी फलंदाज बॅट आपटतो, गोलंदाज मान खाली घालून परत चालत जातो, चौकार गेला की तोच फटका दुसऱ्या बाजूने पुन्हा दाखवतात. बटण दाबून हे सारे टाळता येते. पण नातू टाळत नाही. बाद झालेला फलंदाज तंबूत जाईपर्यंत तो त्याच्याकडे पाहत राहतो. आमच्या घरातून मात्र एक शेरा आला. पडद्याकडे क्षणभर पाहून ही म्हणाली, "खोटी दिसतेय मॅच. खरी असती तर एव्हाना दोन जाहिराती झाल्या असत्या."

या खेळाचे समालोचन मार्क निकोलस आणि रिची बेनॉ यांच्या आवाजात आहे. बेनॉ 2015 साली गेले. पण मुळशीच्या ओसरीवर ते अजून बोलतात, आणि ज्यांचे नावही त्यांनी कधी ऐकले नसेल अशा पोरांच्या फटक्यांना दाद देतात. आयुष्यभर हा माणूस मोजके बोलण्यासाठी नावाजलेला होता. चित्र बोलत असेल तर आपण बोलू नये, हा त्यांचा बाणा. खेळात मात्र त्यांची वाक्ये सुटी सुटी भरून ठेवलेली आहेत, आणि प्रसंग येईल तसे यंत्र ती बाहेर काढते. आता आपल्याकडेही असे खेळ होतात. मुंबईच्या नॉटिलस कंपनीच्या 'रिअल क्रिकेट 20' मध्ये संजय मांजरेकरांचा आवाज आहे.

हे सगळे मी इतक्या बारकाईने ऐकले त्याचे कारण अण्णा. अण्णा माझे थोरले बंधू; काचबिंदूने त्यांची दृष्टी चार वर्षांपूर्वी गेली. क्रिकेट त्यांनी पाहिले त्यापेक्षा ऐकले जास्त. सिंहगडावरून पुण्याला टेलिव्हिजन दिसू लागला तो 1973 साली. आमच्या डोंगराआड तो आला तेव्हा त्यात खेळाडूंपेक्षा मुंग्याच अधिक. म्हणून अण्णा रेडिओवर बाळ ज. पंडितांचे मराठी धावते समालोचन ऐकत. चेंडू कुणाच्या डावीकडून गेला, क्षेत्ररक्षक किती धावला, हे पंडित शब्दांनी आखून देत आणि अण्णा डोळे मिटून बघत.

तर त्या दिवशी आतल्या खोलीतून अण्णांनी विचारले, "कुणाची मॅच रे?"

"इंडिया-ऑस्ट्रेलिया, अण्णाआजोबा," नातू म्हणाला. खोटे काही सांगितले नव्हते त्याने.

अण्णा भिंतीला धरून बाहेर आले, आरामखुर्चीत बसले आणि कान देऊन ऐकू लागले. प्रेक्षकांचा गलका ऐकून त्यांचा चेहरा उजळला. पाच-सात षटके गेली. मग ते म्हणाले, "हा बुवा तेच तेच बोलतोय. मघाशी याच शब्दांत कौतुक केलं होतं." गुपित फुटले. नातवाने सांगून टाकले की हा सामना नव्हे, खेळ आहे. मला वाटले, अण्णा आता उठून जातील. ते उठले नाहीत. त्यांची तक्रार निराळीच होती.

"ते असू दे. पण फटका छान होता म्हणतो, तर चेंडू गेला कुठे ते का सांगत नाही?"

नातू गोंधळला. त्याला तो प्रश्नच कळेना. चेंडू कुठे गेला हे समोर दिसत होते! आणि इथेच मला त्या खेळाच्या हुबेहूबपणाची खरी कमाल वाटली. टेलिव्हिजनचा समालोचक ऐकणाऱ्याला डोळे आहेत असे गृहीत धरूनच बोलतो. खेळ करणाऱ्यांनी ते गृहीतसुद्धा जसेच्या तसे उचलले. दोघांच्याही लेखी अण्णा प्रेक्षकांत नव्हते.

नातवाने थोडा विचार केला. मग त्याने आवाजाची पट्टी शोधून समालोचन बंद केले. प्रेक्षकांचा गलका तेवढा ठेवला. "मी सांगतो," तो म्हणाला. सुरुवातीला त्याला जमेना. "हा इकडे मारला," असे तो सांगे; अण्णा म्हणत, "इकडे म्हणजे कुणीकडे? गोलंदाजाच्या उजवीकडे की डावीकडे?" मग तो थांबून विचार करू लागला. कव्हर म्हणजे कुठे, मिडऑन म्हणजे कुठे, हे इतकी वर्षे खेळूनही त्याला नीट ठाऊक नव्हते. अण्णांनी त्याच्या तळहातावर बोटाने मैदान काढून दाखवले. संध्याकाळपर्यंत तो म्हणत होता, "डावखुरा आहे, अण्णाआजोबा, पुढे आला, मिडऑफच्या डोक्यावरून... दोघं धावतायत... एक टप्पा, सीमारेषेबाहेर!"

बोलण्याच्या नादात पुढच्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला. अण्णा खुर्चीत पुढे सरकले. "मधली काठी की लेगची?" त्यांनी विचारले.