पेवातलं आणि कपाटातलं

बिअर मुरायला ठेवतात, असं गंगाखेडात कुणाला सांगितलं तर तो आधी गोदावरीकडे बघेल आणि मग माझ्याकडे. जनाबाईचं गाव. घाटावर स्नानाची वर्दळ, घरोघरी माळकरी. दारूचा विषय निघालाच तर बोलणाऱ्याचा आवाज आपोआप उतरतो. त्यात मे महिन्यात पारा 43 पर्यंत चढतो. असल्या उन्हात बिअर प्यायची ती गार असताना, आणि लगेच. ती वर्षानुवर्षं जपून ठेवणारा माणूस एक तर कंजूष, नाही तर पुण्याला गेलेला.

मी पुण्याला गेलेला. 2009 साली इथे डूलाली ही स्वतःची बिअर स्वतः बनवणारी जागा सुरू झाली, मग हळूहळू शहरात तशा आणखी जागा निघाल्या, आणि बिअरलाही चव असते हे आमच्या पिढीला कळलं. गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तो केळं किंवा लवंग न घालता, नुसत्या यीस्टच्या करणीने, हे कळलं त्या संध्याकाळी आम्ही मित्र प्यायलो कमी आणि हुंगत जास्त बसलो. पुढे त्यातल्या काहींना ठेवणीतल्या बाटल्यांचा नाद लागला. मलाही.

सगळीच बिअर ठेवायची नसते. हॉप्सच्या फुलांच्या सुगंधावर उभी असलेली आयपीए म्हणजे हुरडा. दिवस टळले की गोडी गेली. टिकते ती दणकट, गडद बिअर: नऊ-दहा टक्क्यांची इम्पिरियल स्टाउट, बार्ली वाइन. बेल्जियमच्या ऑर्व्हाल मठातल्या बिअरमध्ये बाटली भरताना ब्रेटानोमायसिस नावाचं रानटी यीस्ट घालतात. ते बंद बाटलीत उरलीसुरली साखर सावकाश खात राहतं; ताजेपणी हॉप्सने घमघमणारी ती बिअर काही वर्षांनी कोरडी होते, तिला खोगिराच्या चामड्याचा वास येऊ लागतो. अशा बाटल्या उभ्या ठेवायच्या, अंधारात, बारा-तेरा अंशांवर. उजेड लागला की हॉप्स बिघडतात आणि उग्र दर्प सुटतो. झाकणाखाली राहिलेली चिमूटभर हवा दोन्ही करू शकते: नशीब चांगलं असेल तर बिअरला मनुकांची चव येते, नाही तर ओल्या पुठ्ठ्याची.

मुरलेली स्टाउट उघडताना फारसा आवाज होत नाही. बारीकसा सुस्कारा, बस्स. ग्लासात उतरते ती काळी आणि दाट. तपकिरी फेस येतो न येतो तोच विरतो. नाक जवळ नेलं की आधी काकवी, मग खारीक, आणि तळाशी कुठेतरी करपलेली कॉफी. कुणी बोलत नाही. मग सगळे एकदम बोलतात.

हे सगळं एकदा गंगाखेडला चुलत्यांना सांगितलं, जरा चाचरतच. ते माळकरी, रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग पेवच म्हण की."

पेव मी बुजलेलंच पाहिलं. त्यांनी भरताना पाहिलेलं. गावाच्या पांढरीत खणलेलं, तोंडाशी अरुंद, पोटात ऐसपैस. आत कडब्याचं अस्तर, मग ज्वारी, वरून दगड आणि मातीचा लेप. आतलं धान्य श्वास घेत राहतं, प्राणवायू संपवतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं; त्यात किडे-भुंगे गुदमरतात आणि ज्वारी वर्षानुवर्षं टिकते. बिअरला फेस आणणारा वायू तो हाच. माणूसही त्यात गुदमरेल, म्हणून पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नसे. आधी कंदील सोडायचा, तो विझला तर थांबायचं. कडेची ज्वारी काळपट, आंबूस निघायची. मधली पिवळसर, तिला पेवाचा म्हणून एक वास. दुष्काळाच्या भीतीने ही साठवण चाले. 1972 चा दुष्काळ आला तेव्हा मात्र पुष्कळांना परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीवरच दिवस काढावे लागले.

ज्वारीचीही बिअर होते. दक्षिण आफ्रिकेत मका आणि मोड आणलेल्या ज्वारीची आंबूस, गढूळ उम्कोंबोथी करतात. ती काही दिवसांतच संपवायची असते आणि एकाच भांड्यातून सगळ्यांत फिरते.

चुलत्यांनी शेवटी सांगितलं ते माझ्या डोक्यात राहिलं. पेव एकदा फोडलं की रिकामंच करावं लागतं. हवा लागलेलं धान्य पुन्हा झाकून टिकत नाही, म्हणून त्या दिवशी भावकी बोलवायची, गडीमाणसं बोलवायची, शेजारचे पोती घेऊन यायचे. आमच्या मोठ्या बाटलीचंही तेच. उद्यासाठी अर्धी उरवता येत नाही, आणि एकट्याने संपवावी अशी ती नसते. राखण एकट्याने करता येते. फोडायला मात्र माणसं लागतात. टिकवण्याचं शास्त्र मी पुस्तकांतून शिकलो, पण आम्ही बाटल्या कशासाठी ठेवतो ते मला त्या माळकरी माणसाने सांगितलं.

आता कपाटात बाटली ठेवताना चिठ्ठीवर सालाच्या खाली नावंही लिहितो, कोण असताना उघडायची त्यांची. त्यातला एक कॅनडात गेला आहे. येतो म्हणतो, येत नाही. स्टाउटला आणखी पाच वर्षं काही होत नाही. आमची पन्नाशी तेवढी जवळ येतेय, असं त्याला कळवून ठेवलंय.