रांगोळी, गुडघा आणि मी

गेल्या दिवाळीत मंडळाच्या हॉलमधली रांगोळी माझ्याकडे होती. त्याआधी आठवडाभर घरची फरशी गुडघे टेकून घासलेली, आणि त्यावर दोन तास गुडघ्यांवर बसून ठिपके जोडले. दुसऱ्या दिवशी उजव्या गुडघ्याच्या वाटीवर लिंबाएवढी सूज!

आधी आठवली आई. संधिवातामुळे कठडा धरून एकेक पायरी चढणारी. छत्तिसाव्या वर्षीच आपली पाळी आली की काय? फोनवर आई म्हणाली, "अगं, ओव्याच्या पुरचुंडीनं शेक." शेकलं, तर ठणका वाढलाच.

इथल्या जीपी बाईंनी गुडघा तपासला आणि म्हणाल्या, "हाउसमेड्स नी!" म्हणजे मोलकरणीचा गुडघा. शाळेत इंग्रजी शिकवताना जेरोम के. जेरोम यांच्या 'थ्री मेन इन अ बोट'मधला प्रसंग मी मुलांना रंगवून सांगायची. वैद्यकाचं पुस्तक चाळणाऱ्या निवेदकाला सगळे रोग आपल्याला झालेत असं वाटतं, फक्त हा एक सोडून! तेव्हा वर्गासोबत मीही हसायची. आता नोकरी सोडून घर सांभाळणाऱ्या मला तोच शब्द लागला.

खरं नाव बर्सायटिस. त्वचा आणि वाटीचं हाड यांच्यामध्ये घर्षण कमी करणारी एक पातळ पिशवी असते, ती बर्सा. शरीरात अशा शंभराहून अधिक असतात. सतत दाब पडला की ती सुजते, आत पाणी साठतं. माझा सांधा मात्र शाबूत होता. ऐकून रडूच आलं.

उपाय साधे: गुडघे टेकायचे नाहीत, टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं दिवसातून तीन-चारदा, आणि डॉक्टरांना विचारून वेदनाशामक गोळी. मात्र सूज लाल, गरम झाली किंवा ताप आला तर थांबू नका. जंतुसंसर्ग असू शकतो. मग पाणी काढून तपासतात, प्रतिजैविकं देतात.

अवघड गेलं ते गुडघे न टेकणं. "लांब दांड्याचा मॉप आहे की घरात!" नवरा किती वर्षं सांगत होता. पण कमावत नाही, तर निदान फरशी तरी लखलखीत हवी, हे मीच मनाशी धरून बसले होते. आता रविवारी मॉप त्याच्या हातात असतो. कोपरे राहतात. राहू देते.

सूज पाच आठवड्यांत उतरली. यंदा रांगोळी टेबलावरच्या फळीवर काढणार आहोत. लेक ठिपके मांडतेय, मी शेजारी खुर्चीवर बसून शिकवतेय. किती दिवसांनी शिकवतेय!