भाडे कुणाच्या हाती?

ब्रिटनमध्ये गरीब भाडेकरूंना सरकार घरभाड्यासाठी मदत देते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या युनिव्हर्सल क्रेडिट योजनेत हे पैसे सहसा भाडेकरूच्याच हाती येतात. बाबासाहेबांनी शिकविलेल्या स्वाभिमानाला हे धरूनच आहे. माझी आईही पगार येताच भाड्याचे पैसे आधी डब्यात वेगळे ठेवी. परंतु आजाराने, व्यसनाने वा कर्जाने खचलेल्या माणसाने तो डबा कसा सांभाळावा? भाडे थकले की घर जाते, मुलांची शाळा सुटते. म्हणून अशांचे भाडे परस्पर घरमालकाला देण्याची तिथे सोय आहे. स्कॉटलंडमध्ये तर २०१७ पासून भाडेकरू स्वतःच तशी मागणी करू शकतो. मला हीच रीत पटते. आधार जरूर घ्यावा, पण आपल्या मर्जीने. त्यात कमीपणा कसला? जयभीम!