कारणाचा रकाना

मैत्रीत हिशेब नसावा, असं लहानपणापासून ऐकत आले. माझी सर्वांत जुनी मैत्री मात्र हिशेबावर उभी राहिली आणि पुढे तिची संस्था झाली, तीही हिशेबामुळेच.

1980चं दशक संपत आलं होतं. पुरंदर तालुक्यातल्या एका गावात राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर होतं. आम्ही पुण्याची कॉलेजातली मुलं दिवसा बांध घालायचो आणि रात्री देवळात झोपायचो. तिथेच ती मैत्रीण भेटली, आमच्याच वयाची, पण लग्न होऊन त्या गावात आलेली, कडेवर मूल असलेली. परतताना माझ्याजवळचे पैसे संपले, तेव्हा एसटीच्या तिकिटाला तिनं दिले. मी घरी पोचल्यावर मनिऑर्डर केली. पुढच्या वेळी गेले तेव्हा तिनं दिराच्या शाळेच्या वहीचं मागचं पान उघडून दाखवलं. माझं नाव, दिले, आले, खाली रेघ. एवढ्याशा पैशांचं काय लिहून ठेवतेस, असं मी जरा दुखावूनच विचारलं. ती म्हणाली, ‘‘अगं, कागदावर न्हाय लिवलं तर मन लिवतं. आन् मनानं लिवलेलं खोडता येत न्हाय.’’

त्या घरात हिशेबाला मान होता. तिचे सासरे नायगावच्या पाणी पंचायतीबद्दल भरभरून बोलत. 1972च्या दुष्काळानंतर पुण्यातले उद्योजक विलासराव साळुंखे याच तालुक्यात नायगावला येऊन राहिले आणि त्यांनी पाणी वाटण्याची रीतच बदलली. पाणी जमिनीच्या मापानं न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर द्यायचं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर. ज्याच्याकडे जमीनच नाही त्यालाही पाण्याचा वाटा, ऊस मात्र लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा गावकऱ्यांनी आधी भरायचा. कोरडवाहू मुलखात असा हिशेब मांडणं म्हणजे माणसाला माणूस म्हणून मोजणं आहे, हे मला ओसरीवर बसून त्या म्हाताऱ्यांनी शिकवलं. पुढे वाचलेल्या पुस्तकांनी त्यात थोडीच भर घातली.

मी शिक्षिका झाले, पण सुटी लागली की गाव गाठायची. तोवर तिच्या ओसरीवर बायकांची भिशी सुरू झाली होती. 1992मध्ये नाबार्डनं बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली आणि काही वर्षांत ते वारं आमच्यापर्यंत पोचलं. भिशीचा गट झाला. पत्र्याच्या पेटीला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन घरांत आणि पेटी चौथीच्या घरी. सावकार महिन्याला शेकडा पाच घ्यायचा, गटानं दोन ठरवले आणि ते व्याजही परत आपल्याच पेटीत पडायचं. बहुतेकींना लिहिता येत नव्हतं, म्हणून ती प्रत्येक नोंद मोठ्यानं वाचायची. मग जिची नोंद असेल तिनं ‘बराबर’ म्हणायचं, तेव्हाच अंगठा. कुणी कुजबुजलं तरी ती थांबून पुन्हा पहिल्यापासून वाचायची.

कर्जाच्या वहीत तिनं एक रकाना जास्तीचा आखला होता, कारणाचा. कर्ज कशासाठी, ते तिथे दोन शब्दांत लिहायचं. एका दिवाळीत आम्ही दोघी जुनी पानं चाळत बसलो. श्रावण-भाद्रपदात ओळीनं ‘दवाखाना’, ‘पोराचे जुलाब’, ‘सलाईन’. जूनमध्ये ‘बियाणं’, त्याच्याखाली ‘पोरीचा पास’. मार्चपासून पुढे ‘कडबा’. गावाचं सगळं दुखणं त्या रकान्यात महिनावार लिहिलेलं होतं. असं सर्वेक्षण मी नंतर कुठल्याही अहवालात पाहिलं नाही, कारण ते कुणी बाहेरच्यानं विचारलेल्या प्रश्नांचं उत्तर नव्हतं. बाईला खरोखर पैसे लागले, तेव्हाचं ते बोलणं होतं.

कामं तिथूनच निघाली. विहिरीचा गाळ काढला, कठडा बांधला, पावसाळ्यात पाण्यात जंतुनाशक टीसीएल पावडर टाकायची पाळी घराघरांत लावली. पुढच्या श्रावणात ‘जुलाब’ हा शब्द वहीत कमी दिसला, तेव्हा तिनं ते पानही बैठकीत वाचून दाखवलं. मग चाऱ्याचं झालं, मुलींच्या पासाचं झालं, शेजारच्या वाड्यांनी वही मागितली.

संस्था नोंदवायची वेळ आली ती बाहेरून पैसे येऊ लागल्यावर. 1860च्या कायद्यानं निदान सात जणी लागतात. आम्ही दोघी धरून सात झालो आणि घटनेत ‘उद्देश’ लिहिताना वकिलांपुढे तिनं कारणाचा रकानाच वाचायला घेतला. त्यानंतर एका देणगीदारानं शिलाई मशिनं देऊ केली. कमिटीतल्या काहींना मोह झाला. तिनं वही पुढे सरकवली, ‘‘ह्यात मशिन कुठं लिवलंय, दावा.’’ मशिनं घेतली नाहीत. ग्रामविकासाच्या नावानं गावोगाव किती वस्तू धूळ खात पडल्यात, हे पाहिलेल्या मला त्या दिवशी तिचा फार अभिमान वाटला. पैसा नाकारता येणं ही संस्थेची खरी ऐपत, आणि ती आमच्यात आली ती तिच्यामुळे.

नोंदणीनं मैत्रीवर ताण आला नाही असं नाही. नोटिसा, ठराव, ऑडिट यांत फोनवरचं बोलणं कोरडं होत गेलं. तिच्या सासूबाई गेल्या तेव्हा भेटायला गेले, तर तेराव्याच्या पंगतीतही दोघी बँकेच्या सह्यांबद्दल बोलत होतो. या कामाची ती किंमत होती आणि ती आम्ही दोघींनी सारखीच मोजली.

आता विश्वस्त बदलले, धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल झाला. अध्यक्ष आणि सचिव दोघी तिशीतल्या, गावातच वाढलेल्या. दोघींचं फारसं पटत नाही. एकीला नोंदी मोबाइलवर हव्यात, दुसरीचा त्यावर विश्वास नाही. बैठकीत आवाज चढतात. मला काळजी वाटते. मैत्रिणीला मुळीच वाटत नाही. ती म्हणते, आपलं जमायचं म्हणून काम झालं, ह्यांचं जमत नसूनही होतंय, म्हंजे ते पक्कं झालं. गेल्या महिन्यात त्या दोघींनी भांडत भांडत एक ठराव केला. मोबाइलवर लिहिलं तरी बैठकीत मोठ्यानं वाचायचं आणि कारणाचा रकाना रिकामा असेल तर कर्ज द्यायचं नाही.